हवामानासाठी महापालिकेकडे पैसा मागायचा, तर नेमके काय मागायचे?

प्रश्न ठाण्यातून आला आहे. वागळे इस्टेट परिसरातल्या एका ताईंनी लिहिले आहे : "आमचा पंचवीस जणांचा गट आहे. यंदा अंदाजपत्रकाच्या तोंडावर आम्ही ११०० सह्यांचे निवेदन महापालिकेला दिले. हवामान बदलाला तोंड देण्यासाठी १०० कोटींची तरतूद करा, अशी मागणी होती. पोच मिळाली, फोटो निघाले, वर्तमानपत्रात चार ओळीही आल्या. अंदाजपत्रक जाहीर झाले तेव्हा त्यात आमच्या मागणीचा मागमूस नव्हता. आता काय करावे?"

ताई, तुमचे निवेदन कुठे गेले असेल, ते मी न पाहता सांगू शकतो. ठाणे जिल्ह्यातल्या एका महापालिकेच्या लेखा विभागात मी एकतीस वर्षे काढली आणि अशी निवेदने माझ्या टेबलावरून शेकड्याने गेली. आवक शाखेत शिक्का बसतो. आयुक्त कार्यालयातून 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शेरा पडतो. विषयात 'हवामान' शब्द आहे म्हणून कागद प्रदूषण नियंत्रण विभागाकडे जातो. त्या विभागाचे काम मोजणीचे आणि अहवालाचे. नाला बांधायचे, शाळेचे छत दुरुस्त करायचे, बस घ्यायचे पैसे त्याच्याकडे नसतातच. मग कागद अभिप्रायासाठी लेखा विभागात येतो. माझ्या जागी बसलेला माणूस त्यावर काय लिहिणार? शंभर कोटी कोणत्या विभागाला द्यायचे, कोणत्या लेखाशीर्षात (म्हणजे अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या कोणत्या ठरलेल्या नोंदीखाली), कोणत्या जागेवरच्या कोणत्या कामासाठी, एस्टिमेट कोणी केले, यातले काहीच कागदावर नसते. कागद दप्तरी दाखल होतो, म्हणजे फायलीत जाऊन तिथेच राहतो. कोणाच्या मनात खोट असते म्हणून हे होत नाही. ज्या मागणीला लेखाशीर्ष नाही, तिला अंदाजपत्रकात बसायला जागाच नसते.

म्हणून माझे मुख्य सांगणे एवढेच आहे की महापालिकेकडे 'हवामान कृती' मागू नका, काम मागा. कामाला जागा, लेखाशीर्ष आणि रक्कम असली पाहिजे. महापालिकेच्या घरात हवामान बदल या नावाची खोलीच नाही. तो पर्जन्यजल वाहिन्यांमध्ये, शाळा दुरुस्तीत, विद्युत विभागाच्या बिलात, पाणीपुरवठ्याच्या पंपांमध्ये, परिवहनच्या अनुदानात, वृक्ष प्राधिकरणाच्या वेगळ्या अंदाजपत्रकात आणि आरोग्य विभागाच्या औषधखरेदीत विखुरलेला आहे. मागणीही तिथे तिथे जाऊन करावी लागते.

तुमच्या भागाचेच उदाहरण घेऊ. वागळे इस्टेटच्या डोंगराकडच्या वस्त्यांमध्ये पत्र्याखाली राहणाऱ्यांना एप्रिल-मे कसा जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. ठाणे महापालिकेने २०२४ मध्ये सीईईडब्ल्यू या संशोधन संस्थेच्या मदतीने उष्णतेसाठी कृती आराखडा केला. ही मोठी गोष्ट आहे. अहमदाबादने २०१० च्या उन्हाळ्यातल्या मृत्यूंनंतर २०१३ मध्ये असा आराखडा केला तेव्हा देशात दुसरे उदाहरण नव्हते. आणि आपल्याकडे तर १६ एप्रिल २०२३ चा दिवस विसरता येण्यासारखा नाही. खारघरच्या मैदानात भर उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण उष्माघाताने गेले. समुद्र जवळ आहे म्हणून आपल्याकडे ऊन मारत नाही, हा समज त्या दिवशी मोडला. दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही, आणि पारा ३७-३८ वरच असताना माणूस कोसळतो.

पण आराखडा म्हणजे पैसा नव्हे. आराखडा हातात घ्या, त्यातले प्रत्येक काम वाचा आणि शेजारी लिहा : हे कोणता विभाग करणार, यंदा त्या विभागाच्या कोणत्या लेखाशीर्षात त्यासाठी किती रुपये आहेत. बऱ्याच कामांसमोरची जागा कोरी राहील. तीच तुमची मागणीपत्रिका. महापालिका शाळांच्या आणि दवाखान्यांच्या गच्च्यांवर उष्णता परतवणारा पांढरा लेप द्यायचा असेल, तर ते सार्वजनिक बांधकाम विभागाचे देखभाल-दुरुस्तीचे काम आहे. ओआरएस, बर्फाची पाकिटे, दवाखान्यात एक थंड खोली हा आरोग्य विभागाचा खर्च आहे. बसथांब्यावर सावली हवी असेल तर परिवहनशी बोला. तिन्ही मागण्या तीन वेगळ्या पत्रांत, तीन वेगळ्या अधिकाऱ्यांच्या नावे, आणि प्रत्येकाची प्रत मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्याला.

एक अनुभव सांगतो, तो मला अजून बळ देतो. एका वस्तीतल्या बचतगटाच्या बायका आमच्याकडे आल्या होत्या. महापालिकेच्या दवाखान्याची ओपीडी दहाला सुरू व्हायची, केसपेपरची रांग नऊपासून लागायची आणि ती सगळी उन्हात. गरोदर बाया, म्हातारी माणसे तिथेच उभी. त्यांनी निवेदनात 'हवामान' हा शब्दही वापरला नव्हता. टेप घेऊन रांगेची लांबी मोजली होती, एकाच जागेचे नऊ, दहा आणि अकरा वाजताचे फोटो जोडले होते, आणि लिहिले होते की इथे चौदा मीटर लांब छत आणि पिण्याच्या पाण्याचे दोन नळ द्या. कनिष्ठ अभियंत्याने चार दिवसांत दरसूचीप्रमाणे, म्हणजे कामांच्या ठरलेल्या सरकारी दरांप्रमाणे, एस्टिमेट केले. रक्कम एवढी लहान होती की ती वार्षिक देखभालीच्या चालू लेखाशीर्षात बसली, नव्या तरतुदीची गरजच पडली नाही. मार्च संपायच्या आत छत उभे होते. उष्णतेशी जुळवून घेणे म्हणतात ते हेच, आणि त्या बायकांनी ते मिळवले.

पावसाचा विषय मात्र एवढा सरळ नाही. त्यात पैशाच्या आधी परवानगी अडते. इथे खाडीपलीकडे नवी मुंबईकडे पाहा. तिथला बराच भाग भरतीच्या पातळीच्या खाली आहे. म्हणून सिडकोने नोड, म्हणजे तिथल्या वसाहती, वसवताना धारण तलाव बांधले. भरती आली की झडपा बंद होतात, खाडीचे पाणी आत येत नाही, शहरातले पावसाचे पाणी तलावात साठते आणि ओहोटीला बाहेर जाते. फार विचाराने केलेली व्यवस्था आहे ही. पण वर्षानुवर्षे गाळ साठला, गाळात खारफुटी वाढली, तलावाची पोटे उथळ झाली. खारफुटी तोडायला उच्च न्यायालयाची परवानगी लागते. २०१८ च्या निकालाने राज्यभरातल्या खारफुटीला जे संरक्षण दिले ते योग्यच आहे, मी त्याच्या पूर्ण बाजूने आहे. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे ती उगाच नाही. पण याचा अर्थ असा की गाळ काढण्यासाठी तरतूद केली तरी परवानगीविना ती खर्च होत नाही आणि मार्चमध्ये दुसरीकडे जाते. तेव्हा अशा ठिकाणी पहिली मागणी गाळ काढण्याची नसते. तलावाची खोली मोजणे, कोणत्या भागात खारफुटी आहे आणि कोणत्या भागात नाही याचा नकाशा करणे, तज्ज्ञ संस्थेचा अहवाल आणि न्यायालयात अर्ज करण्याचा विधी विभागाचा खर्च, एवढ्यासाठी आधी पैसे मागावे लागतात. सर्वेक्षणाची तरतूद कोणाच्या डोळ्यात भरत नाही, तिचे भूमिपूजन होत नाही. पण ती नसेल तर पुढचे काम कधीच सुरू होत नाही.

ठाण्यात नौपाड्याच्या भास्कर कॉलनी-चिखलवाडीत पाणी साचते तिथेही हीच पद्धत वापरा. किती वाजता किती पाऊस झाला, त्या वेळी भरती होती का, पाणी किती तास उभे होते, पंप कधी सुरू झाला, याची एका पावसाळ्याची वही ठेवा. अभियंत्याला अशी वही मिळाली की तो तुमचा वकील होतो. मी हे होताना पाहिले आहे. कळवा-मुंब्र्याच्या डोंगरउतारावरच्या वस्त्यांचा प्रश्न याहून कठीण आहे, कारण तिथे जमीन बहुतेक वनखात्याची. महापालिका म्हणते आमची हद्द नाही, आणि दरड मात्र माणसांवर पडते. तिथे मागणी एकट्या महापालिकेकडे करून चालत नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडे आपत्ती व्यवस्थापनाच्या निधीतूनही करावी लागते.

आता वेळेबद्दल. अंदाजपत्रकाच्या तोंडावर निवेदन देणे म्हणजे वरातीमागून घोडे. दिवाळीच्या आगेमागे लेखा विभागाचे पत्र सगळ्या विभागप्रमुखांना जाते की चालू वर्षाचे सुधारित आणि पुढच्या वर्षाचे मूळ अंदाज पाठवा. विभागप्रमुख ते खाली कार्यकारी अभियंत्याकडे, तो उपअभियंत्याकडे, तो कनिष्ठ अभियंत्याकडे पाठवतो. कनिष्ठ अभियंता आपल्या वहीतली कामे वर पाठवतो. तुमचे काम त्या वहीत असायला हवे आणि ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच असायला हवे. आयुक्तांच्या दालनापेक्षा प्रभाग समितीच्या कार्यालयातले ते टेबल महत्त्वाचे आहे. ठाण्यात नऊ प्रभाग समित्या आहेत, नवी मुंबईत दिघ्यापासून बेलापूरपर्यंत आठ विभाग कार्यालये. तिथे जायला कोणाची ओळख लागत नाही.

करसवलत मागायची असेल तर तारीख आणखी महत्त्वाची. सौर यंत्रणा बसवणाऱ्या, पावसाचे पाणी जिरवणाऱ्या सोसायट्यांना मालमत्ता करात सूट द्या किंवा असलेली वाढवा, असे म्हणायचे असेल तर लक्षात ठेवा की महापालिका अधिनियमाप्रमाणे पुढच्या वर्षाचे कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरावे लागतात. ती तारीख उलटली की विषय पुढच्या वर्षावर जातो.

आणि ३१ जुलै. याच अधिनियमाच्या कलम ६७-अ प्रमाणे आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवायचा असतो. बहुतेक नागरिक तो उघडतही नाहीत. ताई, तुमच्या गटाने तो दरवर्षी वाचावा असा माझा आग्रह आहे, कारण त्यातली आकडेवारी महापालिकेची स्वतःची असते. 'तुमच्याच अहवालात असे लिहिले आहे' या वाक्याला अधिकाऱ्याकडे उत्तर नसते. जुलैत अहवाल वाचायचा, ऑगस्टमध्ये त्यातून कामे काढायची, सप्टेंबरमध्ये प्रभागात जायचे, असा क्रम ठेवा.

तरतूद झाली म्हणजे जिंकलो, असे मात्र समजू नका. इथे मला एक जुनी खंत सांगावी लागेल. महापालिकेच्या इमारतींवर पावसाचे पाणी साठवून जिरवण्यासाठी एका वर्षी आमच्याकडे दोन कोटींची तरतूद झाली होती. नागरिकांच्या गटाने तीन वर्षे पाठपुरावा करून ती मिळवली होती. पेढे वाटले गेले. डिसेंबर उजाडला तरी निविदा निघाली नव्हती, कारण काम कोणत्या विभागाचे, पाणीपुरवठ्याचे की बांधकामाचे, हेच ठरले नव्हते. फेब्रुवारीत ते पैसे वर्गीकरण करून, म्हणजे एका लेखाशीर्षातून दुसऱ्यात वळवून, रस्त्याच्या डांबरीकरणाला गेले. वर्गीकरणाची टिपणी माझ्याच हातची होती. नियमात बसत होती. त्या गटातला एकही माणूस ऑगस्ट ते जानेवारी विचारायला आला नव्हता. आला असता तर त्या टिपणीवर मी वेगळा अभिप्राय लिहिला असता, आणि तो टिकलाही असता.

म्हणून अंदाजपत्रकात चार रकाने शोधायला शिका : मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज. मूळ पाच कोटी, सुधारित चाळीस लाख असे दिसले की काम मेले असे समजा. माहिती अधिकाराच्या दहा रुपयांच्या अर्जात फार लांबण लावू नका. अमुक लेखाशीर्षात तरतूद किती, प्रशासकीय मान्यता कोणत्या तारखेला, कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश) कोणत्या तारखेला, आजपर्यंत अदा रक्कम किती, वर्गीकरण झाले असल्यास त्या आदेशाची प्रत. एवढेच विचारा. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर प्रथम अपील करा. अर्ज ऑक्टोबरमध्ये करा, म्हणजे उत्तर येईपर्यंत काही करायला वेळ उरतो.

'पैसाच नाही' हे उत्तर तुम्हाला मिळेलच, आणि ठाण्याच्या बाबतीत ते खोटे म्हणता येत नाही. ठेकेदारांची देणी, पगार, निवृत्तिवेतन यातून विकासकामाला उरते ते थोडे. तेव्हा अशी कामे पुढे करा ज्यांनी महापालिकेचे पैसे वाचतात. ठाण्याचे स्वतःचे धरण नाही. स्वतःची योजना, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार ठिकाणांहून पाणी येते, आणि ते पंपाने आणायला वीज लागते. पंपांची कार्यक्षमता तपासून घ्या, गळती मोजा, ही मागणी हवामानाची आहे आणि लेखा अधिकाऱ्यालाही ती मनापासून पटते. नवी मुंबईकडे मोरबे धरण आहे, तरीही त्या महापालिकेने कोपरखैरणे आणि ऐरोलीला सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करणारे, रोज प्रत्येकी २ कोटी लिटर क्षमतेचे प्रकल्प अमृत योजनेतून उभे केले. ते पाणी टीटीसी या ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांना विकायचे अशी ती योजना. धरणातले पाणी वाचते आणि महापालिकेला उत्पन्नही होते. ठाण्यात अशी मागणी करताना हे उदाहरण शेजारचे आहे, परदेशातले नाही, याचा फार उपयोग होतो.

बाहेरून पैसा येतो तिथेही लक्ष हवे. केंद्राकडून महापालिकांना मिळणारे अनुदान सुचवणाऱ्या १६ व्या वित्त आयोगाचा काळ १ एप्रिल २०२६ पासून सुरू झाला आहे. राज्याचे माझी वसुंधरा हे पर्यावरण अभियान २०२० पासून चालू आहे, त्यातल्या गुणांसाठी महापालिका धडपडतात. रोख्यांचीही, म्हणजे लोकांकडून व्याजाने कर्ज उभारण्याचीही, चर्चा होते. इंदूरने २०२३ मध्ये सौर प्रकल्पासाठी २४४ कोटींचे हरित रोखे काढले, पिंपरी-चिंचवडने २०२५ मध्ये २०० कोटींचे. माझे मत विचाराल तर ठाण्याने आज रोख्यांच्या मागे लागू नये. कर्जफेडीला भक्कम उत्पन्न लागते, आधी देणी कमी होऊ द्यावीत.

मुंबईसारखा हवामान अर्थसंकल्प, म्हणजे कोणता खर्च हवामानाशी संबंधित आहे हे दाखवणारा हिशेब, मागावा का, असे तुमच्या गटात कोणी तरी विचारेलच. ऑस्लोमध्ये सुरू झालेली ही पद्धत मुंबई महापालिकेने २०२४ मध्ये आणली. भांडवली खर्चापैकी १०,२२४ कोटी, म्हणजे सुमारे ३२ टक्के, हवामानाशी संबंधित असल्याचे त्या अहवालात दाखवले गेले. त्यात नवा पैसा फारसा नसतो. मलजल, पर्जन्यजल यांच्या आधीच ठरलेल्या मोठ्या कामांना हवामानाचा रकाना जोडलेला असतो. तरी मी म्हणेन मागा. कारण एकदा रकाना आला की त्या रकान्यातला खर्च झाला की नाही हे विचारता येते, आणि उलट दिशेने जाणारा खर्चही उघडा पडतो. फक्त तुमची पहिली मागणी ती नसावी. आधी छत, नाला, पंप.

नगरसेवकांना टाळू नका. नवी मुंबईत मे २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून प्रशासक होते. जानेवारी २०२६ च्या निवडणुकांनंतर सभागृहे परत आली आहेत. नव्या नगरसेवकाला आपल्या प्रभागात पहिल्या वर्षी काहीतरी दाखवायचे असते. त्याला मोजमाप केलेले, एस्टिमेट तयार असलेले काम नेऊन दिले तर तो ते उचलतो. स्थायी समितीत अंदाजपत्रकावर चर्चा होते तेव्हा कामे घालता येतात, पण तिथे बोलणाऱ्याच्या हातात कागद लागतो. प्रभाग समितीवर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेण्याची तरतूद कायद्यात आहे. त्या जागा भरा म्हणून लेखी मागणी करा.

आणि ताई, तुमच्या पंचवीस जणांत पत्र्याखाली राहणारे किती आहेत? दिव्यातले, मुंब्र्यातले, कळव्याच्या उतारावरचे कोणी आहे का? नसेल तर पुढचे पत्र लिहिण्याआधी त्यांच्याकडे जा. नाहीतर मागण्या उद्यानाच्या आणि सायकल ट्रॅकच्याच होतात, आणि ज्यांना ऊन आणि पाणी आधी गाठते त्यांचे काम यादीत येतच नाही. ११०० सह्या जमवणाऱ्या गटाला हे अवघड नाही.

तुमच्या पुढच्या पत्राचा नमुना असा धरा : 'प्रभाग समिती वागळे इस्टेट हद्दीतील अमुक महापालिका शाळेच्या अमुक चौरस मीटर गच्चीवर उष्णतारोधक लेप देण्याचे काम सन अमुकच्या अंदाजपत्रकात शाळा इमारत दुरुस्ती या लेखाशीर्षाखाली घ्यावे. सोबत : वर्गातील तापमानाच्या दहा दिवसांच्या नोंदी, मुख्याध्यापकांचे पत्र, गच्चीचे मोजमाप, फोटो.' एका पत्रात एकच काम. वर्गातले तापमान मोजायला साधा तापमापक पुरतो, पण नोंद रोज एकाच वेळी, दुपारी दोनला घ्या आणि तीच वेळ पत्रात लिहा. पत्राच्या दोन प्रती न्या. पोच घेताना शिक्क्याबरोबर आवक क्रमांकही पडला आहे का, ते खिडकीशी उभे असतानाच पाहा. नुसत्या शिक्क्यावरून कागद पुन्हा सापडत नाही.